कट्ट्यावरचा वाद मिटू देऊ नका

ऑक्टोबरचा मध्य उलटला, पहाटेच्या हवेत गारवा उतरू लागला, की नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाभोवतीच्या फिरण्याच्या मार्गावर दोन प्रकारची पावले ऐकू येतात. एक घाईची, घड्याळात पाहून फेऱ्या मोजणाऱ्या तरुणांची. दुसरी संथ, मध्येच थबकणारी. ही दुसरी पावले थकव्याने थबकतात असे आपण समजू नये. महत्त्वाचा मुद्दा चालता चालता मांडता येत नाही म्हणून बोलणारा थांबतो आणि तो थांबला की ऐकणारे चौघेही थांबतात. त्र्यंबक रस्त्याजवळच्या या मैदानाला जुने नाशिककर अजूनही गोल्फ क्लबच म्हणतात. महाराष्ट्राच्या संघाचे रणजी सामने याच मैदानावर होतात, आणि ज्या दिवशी सामना नसतो त्या दिवशीही तो या मार्गावर खेळला जातो.

"अहो नाना, पृथ्वी शॉ मुंबई सोडून आपल्याकडे आला म्हणून काय करंडक येणार आहे? पहिल्याच डावात शून्य!"

"अण्णा, पुढच्याच सामन्यात चंदीगडविरुद्ध द्विशतक केलं त्यानं, ते मात्र सोयीनं विसरता तुम्ही."

२०२५-२६ च्या हंगामाच्या आरंभीचा हा वाद. असा वाद दर हंगामात होतो, फक्त नावे बदलतात. घरी परतल्यावर सूनबाई विचारतात, "बाबा, आज एवढा उशीर?" आणि बाबा म्हणतात, "काही नाही, बोलत बसलो होतो." या 'काही नाही'मध्ये वृद्धांच्या आरोग्याच्या दृष्टीने काय काय सामावलेले असते आणि ते बंद पडले तर घरच्यांनी काय ओळखावे, याचा विचार आज आपण करणार आहोत.

वादात दडलेला व्यायाम

क्रिकेटच्या नकाशावर आपल्या राज्याचे तीन संघ आहेत: मुंबई, विदर्भ आणि या दोहोंना वगळून उरलेल्या जिल्ह्यांचा महाराष्ट्र. नाशिक या तिसऱ्या संघाचे. मुंबईने रणजी करंडक ४२ वेळा जिंकला. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा जिंकला. महाराष्ट्राची दोन विजेतेपदे १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठच्या हंगामांतली, म्हणजे आज ऐंशी वर्षांचे असलेल्या गृहस्थांच्याही जन्मापूर्वीची! त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ अशा तीन वेळा संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि अनुक्रमे मुंबई, पंजाब व कर्नाटक यांच्याकडून पराभूत झाला.

ज्या संघाच्या वाट्याला इतकी प्रतीक्षा आली आहे, त्याचे चाहते वाद घालण्यात निष्णात होणारच. १९७१ च्या अंतिम सामन्याचा विषय निघाला की अजूनही आवाज चढतात. त्या वेळी मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर हे मोहरे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजमध्ये होते. मुंबईचे नेतृत्व सुधीर नाईक यांच्याकडे होते. तरीही महाराष्ट्र हरला. 'का हरला?' या प्रश्नाला पन्नास वर्षांनंतरही एकमताचे उत्तर मिळालेले नाही. मिळू नये, अशीच बहुधा सर्वांची आंतरिक इच्छा असावी.

आता या वादाकडे जरा वैद्यकीय दृष्टीने पाहा. एका गटात आठ संघ, प्रत्येकाचे सात साखळी सामने. निर्णायक विजयाला सहा गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास सात, आणि सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन व दुसऱ्याला एक. पुढच्या फेरीत गटातले पहिले दोनच संघ जातात. आपला संघ त्यांत बसेल का, हे सांगताना गणित करावे लागते, मागचे निकाल आठवावे लागतात, समोरच्याचा मुद्दा मनात धरून ठेवावा लागतो, तो खोडण्यासाठी योग्य शब्द शोधावा लागतो आणि आपली पाळी येईपर्यंत धीर धरावा लागतो. स्मरण, अवधान, भाषा, तर्क आणि संयम या साऱ्या शक्ती एकाच वेळी कामाला लागतात. एकट्याने शब्दकोडे सोडवण्यापेक्षा हे काम अवघड असते, कारण येथे कोड्याच्या जागी हजरजबाबी माणूस असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. निवृत्तीनंतर माणसाचे मत विचारले जाण्याचे प्रसंग हळूहळू कमी होतात. घराचे व्यवहार मुले पाहतात, औषधे डॉक्टर ठरवतात, पथ्य सून ठरवते. ते सारे प्रेमापोटीच होत असते. परंतु ज्याने आयुष्यभर निर्णय घेतले त्याला 'तुम्हाला काय वाटते?' असे विचारणारे कोणी उरत नाही. कट्ट्यावर मात्र तिसऱ्या क्रमांकावर कोणी फलंदाजीला यावे, याविषयीचे त्याचे मत चौघे गंभीरपणे ऐकतात आणि तितक्याच गंभीरपणे खोडून काढतात. आपले मत खोडण्याच्या योग्यतेचे आहे, ही जाणीव वार्धक्यात फार मोठा आधार देते.

स्मृतिभ्रंशाविषयीच्या लॅन्सेट आयोगाने २०२४ साली टाळता किंवा कमी करता येण्याजोग्या १४ जोखमींची यादी प्रसिद्ध केली. सामाजिक एकटेपणा, नैराश्य, श्रवणशक्तीचा ऱ्हास, उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष आणि शारीरिक हालचालीचा अभाव ही पाचही कारणे तिच्यात आहेत. क्रिकेटवर वाद घातल्याने स्मृतिभ्रंश टळतो असा याचा अर्थ नाही. परंतु रोज सकाळी चालत जाऊन चार माणसांत बोलणारा वृद्ध यांपैकी काही जोखमींपासून दूर राहतो, इतके आपण निश्चित म्हणू शकतो.

गप्प झालेला माणूस

अशाच एका कट्ट्यावरचे, नाशिक रोडच्या मुद्रणालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या परिचयाचे. आकडेवारीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या, ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम ९ धावांवर असताना प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला, ही कथा ते असे सांगत की ऐकणाऱ्याला काठियावाडचा संघ आत्ताच मैदान सोडून निघाला आहे असे वाटावे.

एका हिवाळ्यात ते बोलेनासे झाले. येत, चालत, बसत, हसत, पण वादात पडत नसत. कोणी विचारले तर "बरोबर आहे तुमचं" म्हणत. मित्रांना वाटले, वय झाले. घरच्यांना वाटले, बरे झाले, बाबा शांत झाले. पुढे पुढे ते फिरायला जाण्याचेही टाळू लागले. मुलीला मात्र हे 'बरोबर आहे तुमचं' खटकले. आयुष्यात कोणाचेच बरोबर न मानणारा आपला बाप अचानक सर्वांशी सहमत कसा झाला? तिने त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. श्रवणचाचणीत दोन्ही कानांची शक्ती बरीच उणावलेली आढळली. समोरासमोर एकाशी बोलताना ते ओठांवरून, अंदाजाने निभावून नेत. चौघे एकदम बोलू लागले की त्यांच्यापर्यंत केवळ गलका पोहोचे. पुन्हा पुन्हा 'काय म्हणालात?' असे विचारण्याची लाज वाटे, म्हणून त्यांनी मान डोलावण्याचा मार्ग पत्करला होता.

श्रवणयंत्र आले. पहिले काही आठवडे त्रासाचे गेले, कारण भांड्यांचा आवाज आणि वाहनांचे भोंगेही मोठे झाले. यंत्राची जुळवणी दोन-तीनदा करून घ्यावी लागली. त्यानंतर एका सकाळी त्यांनी कोणाचे तरी वाक्य मध्येच तोडून "साफ चूक!" असे म्हटले, आणि कट्ट्यावर टाळ्या पडल्या.

वाचकहो, या प्रसंगातला धडा असा: वाद घालणारा वृद्ध गप्प झाला, तर त्याला शहाणपण आले असे गृहीत धरू नका. ते मौन कशाचे आहे, हे शोधा.

ते श्रवणदोषाचे असू शकते. वयानुसार उच्च स्वराचे ध्वनी आधी कमी ऐकू येतात. आवाज येतो पण शब्द कळत नाही, अशी तक्रार त्यामुळेच होते. कधी कारण केवळ कानात साठलेल्या मळाचे असते आणि डॉक्टर तो काढून देतात. कान घरी काडीने कोरू नये.

ते नैराश्याचे असू शकते. आवडत्या गोष्टीतला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ आटला, झोप किंवा भूक बिघडली, 'आता माझे काय उरले' अशी भाषा वारंवार येऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. वृद्धांचे नैराश्य पुष्कळदा रडण्यातून व्यक्त न होता चिडचिड, अंगदुखी आणि अबोला यांतून प्रकट होते. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीवरूनही समुपदेशन मिळते.

ते स्मृतिभ्रंशाच्या आरंभाचे असू शकते. कालचा सामना आठवत नाही, बोलताना साधे शब्द सापडत नाहीत, नेहमीच्या रस्त्यावर गोंधळ होतो आणि हे महिनोन्महिने वाढत जाते. अशा वेळी तपासणी करणे लाजिरवाणे नाही. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधांचा परिणाम अशी उपचार करता येणारी कारणेही तिच्यातून कळतात.

आणि एक मौन असे, ज्यात वाट पाहायची नसते. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस गोंधळला, असंबद्ध बोलू लागला, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, औषधांचा दुष्परिणाम यांसारखे कारण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बोलता बोलता जीभ अडखळली, चेहरा एका बाजूला झुकला, एक हात उचलेना, तर तो पक्षाघात समजून ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध काही रुग्णांना देता येते, परंतु ते साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. लक्षण कोणत्या वेळी दिसले, हे लिहून ठेवावे.

हृदयाचीही बाजू ऐका

वादाचे गुण गाताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. २००६ साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिक व आसपासच्या भागातील हृदयविकाराच्या तातडीच्या घटनांचा अभ्यास करण्यात आला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा घटना एरवीच्या २.६६ पट आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण ३.२६ पट, तर स्त्रियांत १.८२ पट होते. सामना सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांत ते सर्वाधिक होते आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना धोका विशेष होता. सर्वच देशांतील अभ्यासांत असे निष्कर्ष निघालेले नाहीत, आणि चार दिवसांचा रणजी सामना फुटबॉलच्या नव्वद मिनिटांइतका श्वास रोखायला लावत नाही. तरीही हृदयरोग, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी बोध घ्यावा असे त्यात पुष्कळ आहे.

सामन्याच्या किंवा वादाच्या नादात सकाळची औषधे चुकवू नयेत. हिवाळ्यात रक्तदाब अनेकांत वाढतो आणि नाशिकची डिसेंबर-जानेवारीची पहाट बोचरी असते. म्हणून त्या दोन महिन्यांत ऊन पडल्यावर, कान-डोके झाकून बाहेर पडावे. मैदानावर दिवसभर बसायचे असेल तर दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे, पाणी जवळ ठेवावे, दुपारी सावली धरावी. छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, घाम, दम लागणे यांपैकी काही जाणवले तर 'हे षटक संपू दे' असे म्हणू नये. मधुमेहींना छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. नुसता अनाकलनीय थकवा आणि घाम आला तरी १०८ ला दूरध्वनी करावा.

आणि नाशिककरांपुढे मिसळीचा विषय काढल्यावाचून कसे चालेल? हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला मिसळ द्यायची, ही कट्ट्यावरची जुनी पैज. ती मोडा असे मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला मिठाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत सांगितली आहे. तर्री कमी, मोड आलेली मटकी जास्त, शेव-पापडावर हात राखून, आणि पैज आठवड्यातून नव्हे, महिन्यातून एकदा, एवढा करार रक्तदाबाशी करून ठेवावा.

वादाने भांडणाचे रूप घेतले तर? काही कट्ट्यांवर एक चांगली रीत आहे. आवाज चढला की कोणीतरी "चहापान!" म्हणतो आणि विषय तेवढ्यापुरता थांबतो. निवृत्तीनंतर नवे मित्र जोडणे कठीण असते. संघनिवडीवरून जुना मित्र गमावणे, हा सर्वांत महागडा पराभव होय.

जुने सामने, जुन्या आठवणी

स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला ताज्या घटना आधी पुसट होतात, तारुण्यातल्या पुष्कळ काळ टिकून राहतात. आज सकाळी काय खाल्ले हे न सांगू शकणारे आजोबा बाळ ज. पंडित यांचे आकाशवाणीवरचे मराठी धावते समालोचन ऐकल्याच्या संध्याकाळी रंगवून सांगू शकतात. स्कॉटलंडमध्ये अल्झायमर रुग्णांसाठी काम करणारी संस्था आणि तेथील फुटबॉल संग्रहालय मिळून जुनी छायाचित्रे व आठवणी यांच्या साहाय्याने वृद्ध फुटबॉलप्रेमींना बोलते करण्याचा उपक्रम चालवतात. आपल्या घरी त्यासाठी कोणत्याही संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही.

जुनी कात्रणे, छायाचित्रे, एखादी जपून ठेवलेली बॅट समोर ठेवा. मात्र प्रश्न विचारताना काळजी घ्या. "२०१४ ला वानखेडेवर मुंबईला कोणी हरवलं, आठवतंय का?" हा प्रश्न परीक्षेचा झाला. उत्तर न आल्यास मन खट्टू होते. त्याऐवजी "त्या वर्षी आपण मुंबईला त्यांच्याच मैदानावर हरवलं तेव्हा घरात काय धमाल झाली होती!" असे आपणच सुरुवात करून द्यावी. त्यांना केदार जाधव आठवेल, किंवा त्या दिवशी केलेला शिरा आठवेल. दोन्ही उत्तरे बरोबरच. तपशील चुकला तर दुरुस्त करू नका. येथे धावफलक लिहायचा नसतो.

घरातला कट्टा

ज्यांना आता मैदानापर्यंत जाता येत नाही, त्यांचे काय? गुडघ्यांनी, पडण्याच्या भीतीने किंवा अंथरुणाने ज्यांना घरी थांबवले आहे, त्यांच्यासाठी कट्टा घरी आणता येतो. आठवड्यातून एक वेळ ठरवून मित्रांचा दूरध्वनी मोठ्या आवाजावर लावून द्या. वर्तमानपत्रातील धावफलक मोठ्या अक्षरांत लिहून द्या. नातवाला सांगा, की आजोबांना निकाल सांगण्यापूर्वी त्यांचे भाकीत विचार. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राने याच नाशिकच्या मैदानावर बडोद्याला ४३९ धावांनी हरवले. असा निकाल नातवाकडून कळला, की घरबसल्या आजोबांचाही त्या विजयात वाटा असतो.

आजींना आपण बहुधा विसरतोच. त्यांच्या पिढीतील कित्येकींनी घरकाम करता करता आकाशवाणी ऐकून क्रिकेट आत्मसात केले, पण त्यांना कट्टा कधी मिळाला नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. त्या संघात सांगलीची, महाराष्ट्राकडून खेळलेली स्मृती मानधना होती. त्या रात्री अनेक घरांत आजी जाग्या होत्या. त्यांचे मत कोणी विचारले का? उद्या विचारून पाहा. उत्तर अपेक्षेपेक्षा मोठे निघेल.

शुश्रूषा करणाऱ्यांनाही एक शब्द. वडील तासभर कट्ट्यावर असतात तो तास आपलाही असतो. तो अपराधीपणाविना घ्या. वृद्धांविषयीच्या अडचणींत मार्गदर्शनासाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, तिचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

महाराष्ट्राच्या त्या दोन्ही विजेतेपदांचे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर होते. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत. पन्नाशी समोर दिसत असताना त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावांची खेळी केली आणि पुढे १०१ वर्षांचे आयुष्य लाभून १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. इतके दीर्घ आयुष्य प्रत्येकाच्या हाती नसते, आणि करंडक या वर्षी येईल की नाही हेही कोणाच्या हाती नाही. परंतु उद्या सकाळी बाबा घरी उशिरा आले आणि "काही नाही, बोलत बसलो होतो" असे म्हणाले, तर त्यांना एकच विचारा: "मग, आपला संघ यंदा पुढच्या फेरीत जाईल का?"

आणि उत्तर ऐकायला खुर्ची ओढून बसा.